तेलुगूला फ्रेंचशी झुंजवणारा फॉरवर्ड

तेलुगूची थोरवी गाणारा एक मजकूर व्हॉट्सअॅपवर कितीतरी वर्षं फिरतो आहे. त्याच्या एका रूपात प्रतिस्पर्धी म्हणून फ्रेंच उभी केली आहे. मुद्दे असे: फ्रेंच जशी लॅटिनची मुलगी, तशी तेलुगू संस्कृतची. तेलुगूचा प्रत्येक शब्द स्वरान्त, म्हणून ती ‘पूर्वेकडची इटालियन’ आणि फ्रेंचहून गोड. तेलुगूत 56 अक्षरं, फ्रेंचमध्ये 26, म्हणून तेलुगूत जगातला कुठलाही उच्चार लिहिता येतो. फ्रेंचमधली लिंगाची कटकट तेलुगूत नाही. आणि तेलुगू बोलताना 72 हजार नाड्या जाग्या होतात, हे म्हणे विज्ञानाने सिद्ध झालंय. तेलुगू थोर भाषा आहे यात वादच नाही. पण ती थोरवी सांगायला ही यादी कामाची नाही.

आधी घराण्याचा मुद्दा, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथे आहे. फ्रेंच लॅटिनमधून आली हे खरं. तेलुगू संस्कृतमधून आली नाही. मद्रासच्या फ्रान्सिस व्हाइट एलिस या इंग्रज अधिकाऱ्याने 1816 सालीच हे दाखवून दिलं होतं. कॅम्पबेलच्या तेलुगू व्याकरणाला जोडलेल्या टिपणात त्याने तेलुगू, तमिळ आणि कन्नड यांची धातुरूपं शेजारी ठेवली आणि हे कुळ संस्कृतहून वेगळं असल्याचं मांडलं. रॉबर्ट काल्डवेल या मिशनऱ्याचं द्राविडी भाषांवरचं, म्हणजे याच कुळावरचं, गाजलेलं व्याकरण त्यानंतर 40 वर्षांनी, 1856 मध्ये आलं.

तेलुगूत संस्कृत शब्दांची रेलचेल आहे, हे कोणीच नाकारत नाही. पुस्तकं, आकाशं, समयं हे शब्द ऐकून मराठी माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. पण उसने शब्द बघून कूळ ठरत नाही. त्यासाठी आकडे, अवयव, सर्वनामं, क्रियापदांचे प्रत्यय बघायचे. दोन, सात, नऊ, दहा हे आपले आकडे. फ्रेंचमध्ये ते साधारण द, सेत, नफ, दीस असे ऐकू येतात. तेलुगूत रेंडु, एडु, तोम्मिदि, पदि. दाताला फ्रेंचमध्ये दाँ, तेलुगूत पन्नु. फ्रेंच ‘नफ’चे तर दोन अर्थ आहेत, नऊ आणि कोरं नवीन, संस्कृतातल्या ‘नव’चेही नेमके तेच दोन. म्हणजे संस्कृतशी नातं दाखवायला निघालेल्या या फॉरवर्डने जिला विरोधात उभं केलं, त्या फ्रेंचचंच संस्कृतशी रक्ताचं नातं निघतं.

मराठी वाचकासाठी गंमत याच्याही पुढे आहे. फ्रेंच आपली सातासमुद्रापारची चुलत बहीण, पण वागण्या-बोलण्यात आपण गेलो शेजारणीवर. समोरच्याला धरून ‘आपण’ आणि वगळून ‘आम्ही’, हा भेद तेलुगूत मनं आणि मेमु असा आहे. फ्रेंच दोन्हीकडे एकच ‘नू’ वापरते. ‘चहा’तला आणि ‘चमचा’तला च वेगळा, हे आपल्याला शिकवावं लागत नाही, तेलुगू माणसालाही हे दोन्ही च ओळखीचे आहेत. क्रियापद शेवटी, विभक्ती नामाच्या मागून, ही ठेवणही दोघींची सारखी. सोलापूरच्या पद्मशाली, म्हणजे मूळच्या तेलुगू विणकरांच्या, घरांतली मुलं दोन्ही भाषा सहज बोलतात, त्यामागे या ठेवणीचाही हात असणार असं मला वाटतं.

आता गोडवा. ‘पूर्वेकडची इटालियन’ हे वाक्य निकोलो दे कोन्ती या व्हेनिसच्या प्रवाशाच्या नावावर खपवतात आणि त्याला सोळाव्या शतकात बसवतात. तो विजयनगरला आला पंधराव्या शतकात. त्याची प्रवासकथा पोपच्या दरबारातल्या पोज्जो ब्राच्योलिनीने लॅटिनमध्ये उतरवली. हे वाक्य त्यात कुठे आहे, ते फॉरवर्ड सांगत नाही. राहिला स्वरान्ताचा नियम. ग्रांथिक, म्हणजे जुन्या पुस्तकी, तेलुगूत ‘पुस्तकमु’ होतं, आज सगळे ‘पुस्तकं’ म्हणतात आणि शेवटी चक्क म् ऐकू येतो. परकी बस मात्र अजूनही ‘बस्सु’ होते, म्हणजे स्वरान्ताची ओढ खरी आहे, फक्त ‘प्रत्येक शब्द’ खोटं. आणि फ्रेंच? तिच्या लेखनात शेवटी व्यंजनांची गर्दी असते, पण त्यातली बरीचशी मुकी. पॅरिसचा उच्चार पारी. ज्या कसोटीवर फ्रेंचला हरवायचं, त्याच कसोटीवर ती बऱ्यापैकी पास होते. गोड कोणती, हे ज्याच्या त्याच्या कानावर सोडावं.

अक्षरांचा मुद्दा अर्धा खरा आहे. तेलुगू बरीचशी बोलल्याबरहुकूम लिहिली जाते. फ्रेंचमध्ये नुसता ‘ओ’ लिहायला कधी तीन अक्षरं लागतात. पण ‘कुठलाही उच्चार’ हा दावा फ्रेंचच्याच दारात अडखळतो. ओठ ‘ऊ’चे आणि जीभ ‘ई’ची, असा एक स्वर फ्रेंचमध्ये पावलोपावली येतो, त्याला तेलुगूत अक्षर नाही. देवनागरीतही नाही, तेव्हा आपणही मिशीला पीळ द्यायला नको. उलट तेलुगूतले ऱ्हस्व ए आणि ओ आपल्याला नीट लिहिता येत नाहीत. वर ‘तोम्मिदि’ लिहिताना मी तेच गुपचूप सोडून दिलं.

नाड्यांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. 72 हजार हा आकडा ‘हठयोगप्रदीपिका’त आहे, त्याआधी बृहदारण्यक उपनिषदात आहे. तिथे तेलुगूचा काही संबंध नाही. फॉरवर्डच्या काही प्रतींत नाड्यांच्या जागी ‘न्यूरॉन’ घातलेत. माणसाच्या मेंदूत त्या पेशी साधारण 8,600 कोटी असतात. त्यातल्या 72 हजारच जाग्या होणार असतील, तर ते कौतुक म्हणायचं का, हा प्रश्नच आहे.

उरलं लिंग. फ्रेंचमध्ये टेबल स्त्रीलिंगी, हे ऐकून हसणाऱ्या मराठी माणसाने ‘तो दरवाजा’ आणि ‘ते दार’ यांतला फरक आधी समजावून सांगावा. तेलुगूत निर्जीव वस्तूंना अशी लिंगं चिकटवत नाहीत, इतकं बरोबर. पण लिंगभेदच नाही, हे साफ चूक. तो आला म्हणजे ‘अतडु वच्चाडु’. ती आली, ‘आमे वच्चिंदि’. बस आली, ‘बस्सु वच्चिंदि’. एकवचनात जगाचे दोन भाग, पुरुष आणि बाकी सगळं. त्या ‘बाकी’त बाई आणि बस एका रांगेत. अनेकवचनात मात्र बायका पुरुषांबरोबर माणसांत येतात आणि ‘वच्चारु’ होतात, बसेस ‘वच्चायि’वर राहतात. म्हणून बाईंना मान द्यायचा असेल तर तेलुगूत अनेकवचनच गाठावं लागतं: टीचरगारु वच्चारु.