गाडीला पंखा क्लचवाला की इलेक्ट्रिक ते नंतर, आधी श्राउड कुठंय ते सांग

काल संध्याकाळी ठाण्यात घोडबंदर रोड, मानपाड्याच्या अलीकडे, आणि इंजिनच्या तापमानाचा काटा परत वर. बोनेट उघडून बघतो तर मेकॅनिकने जुना क्लच फॅन (इंजिनच्या बेल्टवर फिरणारा) काढून बसवलेला रेडिएटरचा नवाकोरा इलेक्ट्रिक पंखा ढिम्म. रिलेचं, म्हणजे पंख्याचा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचं, बूड वितळून काळं पडलेलं आणि त्याला जोडलेली वायर कसली, तर हॉर्नची! अरे एवढा मोठा पंखा सुरू होताना ३० अँपियरच्या वर सहज खेचतो, आणि तू त्याला हॉर्नची वायर लावून, वर टेप गुंडाळून "साहेब, एकदम फर्स्ट क्लास काम" म्हणत पैसे मोजून घेतोस? आणि श्राउड, म्हणजे पंख्याला सगळ्या रेडिएटरमधून हवा ओढायला लावणारं कव्हर? "बसत नव्हतं म्हणून काढलं." काढलं! प्लास्टिकच्या पट्ट्या रेडिएटरच्या जाळीतून आरपार ओवून पंखा बांधलाय येड्याने. श्राउड नसलं की पंख्याएवढी गोल जागा तेवढी थंड होते, बाकी रेडिएटर शोभेला. फोन केला तर महाराज म्हणतात, "थर्मोस्टॅट काढून टाका."

हे थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) म्हणजे माझ्या डोक्यात जातं. कुठलंही दुखणं घेऊन जा, उपाय एकच. त्याच्यामागून "कूलंट कशाला, नळाचं पाणी टाका" वाला येतोच, तो गंज बघायला नंतर कधीच भेटत नाही.

आणि ते गाड्यांच्या ग्रुपवरचे घोडेवाले, म्हणजे हॉर्सपॉवरवाले! "क्लच फॅन घोडे खातो, काढ तो आधी." खातो, मान्य. पण वाचवलेले घोडे मी पळवू कुठे, कापूरबावडी ते कासारवडवलीच्या ट्रॅफिकमध्ये? गाडी ६०-७० ला लागली की समोरून येणारी हवाच पुरते, तेव्हा दोन्ही पंखे बिनकामाचे. आपलं मरण शून्य स्पीडला आहे रे. तिथे क्लच फॅन बेल्टवर, म्हणजे इंजिन आयडलला तर तोही आयडलला, आणि इलेक्ट्रिक तेव्हाही पूर्ण जोरात फिरतो, त्यामुळे कागदावर तोच जिंकतो. फक्त जाड वायर, फ्यूज, धड रिले आणि आयडलला एसी, हेडलाइट, पंखा सगळं ओढू शकेल असा अल्टरनेटर हवा. एवढं नीट करून देणारा माणूस ठाण्यात असेल तर तो माझ्यापासून लपून बसलाय.

बाकी परफॉर्मन्स कार म्हणे. इनटेक, एक्झॉस्ट, रीमॅप, सगळं करून मी काल टँकरच्या मागे पहिल्या गिअरमध्ये, इंजिन वाचावं म्हणून हीटर फुल्ल, काचा खाली, शर्ट पिळून वाळत घालावा असा, आणि बाजूने एक सीएनजी रिक्षा मला आरामात ओव्हरटेक करून गेली. बायको एक शब्द बोलली नाही, गपचूप मोबाईलवर कॅब बघत होती. बोनेट उघडी, वाफ येतीये, तरी मागचा हॉर्न दाबून बसलेला. उडून जाऊ का मी?

ठरलं, परत क्लच फॅनच. जुन्यातलं सिलिकॉन तेल गळलं होतं म्हणून तो थंड इंजिनवर टिचकी मारली तरी गरगरायचा, एवढाच त्याचा दोष होता. नवीन क्लच टाकायचा. हवा तापली की त्याची पट्टी आपोआप पकडते, ना वायर ना रिले. फक्त कंपनीचं श्राउड पाहिजे, तर आज सकाळी ते परत मागायला गेलो. "ते होय? ते भंगारात गेलं साहेब."

आता रविवारी कुर्ल्याला, सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्ट्सच्या दुकानांत, शोधत बसा.