‘मिसळून जा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. विविधतेसाठी भरती केली की गुणवत्ता मागे पडते, हा तुमचा पहिला आक्षेप. नव्या माणसानं कंपनीच्या संस्कृतीत दुधातल्या साखरेसारखं विरघळून जावं, हा दुसरा.

पहिल्याबद्दल थोडक्यात. आजची भरती गुणवत्तेवरच होते, असं तुम्ही धरून चालला आहात. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, नावं तेवढी वेगळी. २००७ साली निष्कर्ष छापून आले. उच्चवर्णीय हिंदू नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता १ धरली, तर दलित आडनावाला ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३. गुणवत्ता मोजायला तिथं कुणी सुरुवातच केली नव्हती.

दुसरा मुद्दा मला जास्त लागला, कारण मी अकरा वर्षं मुलाखती घेतल्या आहेत. लातूरकडचा एक मुलगा आठवतो. कोड स्वच्छ, उत्तरं बरोबर, फक्त इंग्रजी बोलताना अडखळायचा. पॅनेलचा शेरा होता, ‘टेक्निकली स्ट्राँग, पण कल्चर फिट वाटत नाही.’ मी सही केली. ‘फिट वाटत नाही’ म्हणजे कामात नेमकं काय अडेल, हे मी विचारायला हवं होतं. वडील काय करतात, हे मात्र आम्ही त्याला विचारलं होतं, ‘जरा मोकळं वाटावं म्हणून’. ज्याचे वडील दुसऱ्याच्या शेतात राबतात, त्याला त्या प्रश्नानं मोकळं वाटत नाही.

कामाची भाषा यायला हवी, वेळ पाळायला हवी, यात सूट नको. इथं मी तुमच्याच बाजूनं आहे. आणि भाषा ट्रेनिंगमध्ये शिकवता येते. पण दुधातल्या साखरेची ती गोष्ट इराणहून येऊन गुजरातच्या किनाऱ्यावर संजाणला उतरलेल्या पारशांची आहे, ती पुरती पाहा. त्यांनी गुजराती भाषा घेतली, पेहराव घेतला. आपला पवित्र अग्नी मात्र सोडला नाही. तो १७४२ पासून गुजरातेतच उदवाड्याला आहे.

आमच्या पँट्रीत एकीनं डब्यात सुकट आणली, तर दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हवर पाटी : ‘वासाचे पदार्थ गरम करू नयेत.’ लसणाच्या फोडणीचा वास तिथं रोजच असायचा, त्यावर कधी पाटी लागली नव्हती. ती मुलगी पुढे जागेवर बसूनच थंड डबा खायची. तिनं तक्रार केली नाही. पाटी काढा, हे सांगायला मला आठ महिने लागले.