‘आधी पुरावा, मग पोलीस’ हा सल्ला मुलांच्या मुळावर येतो

पालकांच्या आणि शिक्षकांच्या ग्रुपांवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तरी पुराव्याशिवाय पोलिसांत जाऊ नका, आरोप सिद्ध झाला नाही तर पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) तुम्हीच अडकाल, त्यापेक्षा मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. यातलं एकही वाक्य कायद्याला धरून नाही.

‘तुम्हीच अडकाल.’ पॉक्सो कायद्याच्या कलम १९(७) नुसार सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी, कुठलीच जबाबदारी येत नाही. कलम २२ मध्ये शिक्षा आहे ती अपमान, खंडणी, धमकी किंवा बदनामीसाठी मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्याला. आरोपी सुटला म्हणजे तक्रार खोटी ठरली, असं होत नाही. अडकतो तो गप्प बसणारा: कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड.

‘आधी खात्री करा.’ सगळ्यात जास्त नुकसान हा सल्ला करतो. मूल धीर करून एकदा बोलतं. मग आई विचारते, काका विचारतो, वर्गशिक्षिका विचारतात, चौकशी समिती विचारते. दर वेळी प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरातले तपशीलही थोडे हलतात, आणि कोर्टात बचाव पक्ष म्हणतो, याला पढवलंय. तोवर कपडे धुतले गेलेले असतात, वैद्यकीय तपासणीची वेळ निघून गेलेली असते, आणि संशयिताला कुणकुण लागलेली असते. तपास पोलिसांनी करायचा आहे. मुलाने सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि कळवा, इतकंच आपलं काम.

‘मुख्याध्यापकांना सांगा.’ जरूर सांगा, पण तेवढ्याने आपलं कर्तव्य संपत नाही. कलम १९ प्रत्येक व्यक्तीला लागू आहे आणि माहिती द्यायची ती स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याच्या प्रकरणात माहिती न कळवल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनावरही गुन्हा दाखल झाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका प्रकरणात अत्याचाराची माहिती न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला.

पोलीस ठाण्याची धास्ती खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण कलम २४ नुसार जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशाविना. तसं होत नसेल तर हे कलम दाखवून तिथेच अडून बसा.

एका आक्षेपात मात्र तथ्य आहे. डॉक्टर पोलिसांना कळवतील या भीतीने गर्भवती अल्पवयीन मुली दवाखान्यातच येत नाहीत. म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांना अशा मुलीची ओळख न देता माहिती कळवण्याची मुभा दिली.

मारहाण किंवा उपासमार पॉक्सोत येत नाही. पालक किंवा सांभाळणाऱ्याने केलेली अशी हेळसांड बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. त्यासाठी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, तो चोवीस तास चालू असतो.