अंतरावर ठाम आहे, वेळेची चूक मान्य

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. माद्रिद ते न्यूयॉर्क अंतर मी माझ्या लेखात ५,७६५ किलोमीटर दिलं, तुम्ही नकाशावर पट्टी लावून मोजलंत तेव्हा ते ५,९०० च्या वर गेलं. मी उड्डाणाला साडेसहा तास लिहिले, वेळापत्रकात सव्वाआठ दिसतात. म्हणून दोन्ही आकडे अंदाजपंचे आहेत, असं तुमचं म्हणणं.

अंतराबाबत मी मागे हटणार नाही. दोन्ही शहरं ४० ते ४१ अंश उत्तर अक्षांशांवर आहेत, त्यामुळे सपाट नकाशावर त्यांना जोडणारी रेघ जवळपास आडवी येते आणि तीच सरळ वाट वाटते. पृथ्वीगोल हाताशी असेल तर दोऱ्याचं एक टोक माद्रिदवर आणि दुसरं न्यूयॉर्कवर धरून दोरा ताणा. तो आपसूक उत्तरेला सरकतो, मध्यावर पार ४६ अंशांपर्यंत. हाच बृहद्वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरचा मार्ग, सगळ्यांत जवळचा. अक्षवृत्त धरून गेलात तर साधारण ५,९३५ किलोमीटर पडतात, आणि तुमच्या पट्टीने मोजलं ते हेच. मी पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल धरली आहे. ती ध्रुवांशी थोडी चपटी असल्याने अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो, पण १७० किलोमीटरचा नाही.

वेळेचं मात्र तुमचं बरोबर आहे. मी अंतराला ताशी ९०० किलोमीटरने भागलं आणि मोकळा झालो. हे गणित हवा स्थिर असेल तरच चालतं. विमानं उडतात त्या उंचीवर जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात तर जास्तच जोरात. सरासरी ताशी १०० किलोमीटरचा वारा धरला तरी माद्रिदकडे येताना ५ तास ४६ मिनिटं लागतात आणि न्यूयॉर्ककडे जाताना ७ तास १२ मिनिटं. अंतर तेच, फरक जवळजवळ दीड तासाचा! म्हणूनच पश्चिमेकडे जाणारी विमानं पुष्कळदा दोऱ्याची वाट सोडून लांबचा वळसा घेतात. किलोमीटर वाढतात, पण समोरचा वारा टळल्याने वेळ वाचतो.

शिवाय वेळापत्रकातली वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, रांगेत थांबणं, वर चढणं, उतरण्याआधी वेग कमी करणं, हे सगळं त्यात येतं. तुमचे सव्वाआठ तास असे जमतात.

लेखात आता दोन्ही दिशांच्या वेळा वेगवेगळ्या दिल्या आहेत. आणखी एक वाक्य काढून टाकलं, जे तुमच्या नजरेतून सुटलं होतं: 'जाऊन-येऊन वाऱ्याचा हिशेब फिटतो.' तो फिटत नाही. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून १२ तास ४९ मिनिटं झाली असती, वरच्या वाऱ्यात १२ तास ५८ होतात, कारण विमान समोरच्या वाऱ्यात जास्त वेळ असतं आणि पाठच्या वाऱ्यात कमी.