अहो दादा, आपण बाद!

किशोर गटाच्या कबड्डीचा पंच म्हणजे शिट्टी मिळालेला बालवाडीचा शिक्षक. सोळा वर्षांखालची, ५५ किलोच्या आतली पोरं. सकाळी वजनाला काटा जरा पुढे सरकला की बनियन उतरवतात, मैदानाला फेऱ्या मारतात, थुंकून थुंकून तोंड कोरडं करतात आणि परत काट्यावर उभी राहतात. दुपारी पकडीत सापडली की रडतात. पण पंचाला एक मोठं सुख असतं. चढाईवाल्याचा हात ज्याला लागतो तो पोरगा आधी स्वतःच्या खांद्याकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि शिट्टी वाजायच्या आत मान खाली घालून चालू पडतो. मी पाय, रेषा, हात बघून निकाल देतो असा लोकांचा समज होता. मी तोंडं बघून देत होतो.

यंदा वरिष्ठांनी ठरवलं की हा पोरगा आता तयार झालाय, याला पुरुष गटाला लावा. अलिबागकडच्या एका गावात जत्रेची स्पर्धा, रात्रीचे सामने, मातीचं मैदान. पुस्तकाप्रमाणे फरक किरकोळच. ११ बाय ८ मीटरचं मैदान १३ बाय १०चं होतं आणि १५ मिनिटांचा डाव २० मिनिटांचा. पुरुषांनाही ८५ किलोची मर्यादा आहे म्हणे, पण त्या गावात वजनकाटा होता तो भाताच्या गोणींसाठी.

पहिल्याच चढाईत चढाईवाल्याचा हात कोपरारक्षकाच्या दंडावर ‘चट्’ असा वाजला. गुणलेखकानेसुद्धा मान वर केली. कोपरारक्षक मात्र ढिम्म. मिशीचा एक केस हलला नाही. मी शिट्टी मारली तशी त्याच्या शेजारचा, संघातला सगळ्यात कच्चा गडी, हात वर करून मुकाट बाहेर निघाला. चांगला गडी वाचवायला कच्चा गडी सोडायचा, हा जुना रिवाज. मी पाहुण्यांना जेवायचा आग्रह करावा तसा म्हणालो, “नाही नाही, तुम्ही थांबा. अहो दादा, आपण बाद.”

दादांनी माझ्याकडे पायापासून वरपर्यंत पाहिलं. “कोणाचा रे तू?”

मी वडिलांचं नाव सांगितलं. सांगायला नको होतं, पण लहानपणापासूनची सवय. “अच्छा! त्याला याच मैदानात आडवा केलाय मी,” असं म्हणत ते बाहेर गेले. जाताना आपल्या राखीव खेळाडूंना तो किस्सा सविस्तर सांगितला. पलीकडे दुसरा पंच, वयाने मोठा आणि अनुभवी, आभाळाकडे बघत होता.

मग दमाचा प्रश्न. चढाईवाल्याने ‘कबड्डी कबड्डी’ स्पष्ट, पंचाला ऐकू येईल असं म्हणायचं; दम नीट नसेल तर त्याला परत पाठवायचं, समोरच्याला एक तांत्रिक गुण आणि चढाईची संधी. किशोर गटातली पोरं बेंबीच्या देठापासून ओरडतात. इथे एक गडी मध्यरेषा ओलांडून आला तो ओठ घट्ट मिटून. गालात तंबाखूची गोळी होती, बहुधा नुकतीच मळलेली. मी कान पुढे केला. ‘म्ड्डी... म्ड्डी...’ असं काहीतरी येत होतं. परत पाठवला.

तो रेषेपलीकडे गेला, शांतपणे थुंकला आणि म्हणाला, “पंच, तुम्हाला ऐकू येत नसेल तर आधी तो भोंगा बंद करा.”

भोंग्यावर समालोचक होता आणि तो काही बंद होणारा नव्हता. “आपले तरुण, तडफदार, नवखे पंच!” असं तो माझ्या प्रत्येक शिट्टीनंतर म्हणे. ‘नवखे’वर जोर.

तरी हे सगळं चालून गेलं असतं. उत्तरार्धात बोनस आला, म्हणजे समोरच्यांच्या हद्दीतली बोनस रेषा पायाने ओलांडल्याचा जादा गुण. मातीवर रेषा आखतात फक्कीने. चौदा जणांच्या पायाखाली ती फक्की टिकते पूर्वार्धापुरती. नंतर बोनस रेषा म्हणजे श्रद्धेचा विषय. सात नंबरचा चढाईवाला जिथे पाय टाकून आला तिथे रेषा होती असं त्याचा संघ म्हणत होता, ती एक वीत पुढे होती असं समोरचा संघ म्हणत होता, आणि दोघेही मातीकडे बोट दाखवत होते, जिथे काहीच नव्हतं. समोर सहा जण होते, म्हणजे बोनस लागू. पण पुढचा पाय रेषेपलीकडे टेकताना मागचा पाय हवेत असावा लागतो. याचा मागचा पाय जमिनीवर होता. मी मान हलवली. अंगठा वर करून मैदानभर फिरणाऱ्या सात नंबरचा अंगठा वरच राहिला.

“रिव्ह्यू!”

२०१४ला प्रो कबड्डी टीव्हीवर आली, तेव्हापासून सगळ्या गावांना रिव्ह्यू माहीत आहे. फक्त गावात तिसरा पंच नसतो. होता तो लग्नाचं शूटिंग करणारा एक पोरगा, युट्यूबवर सामना दाखवत. सगळे त्याच्यावर धावले. त्याने घाबरून रेकॉर्डिंग मागे नेलं. नेमक्या त्या चढाईला कॅमेरा पाहुण्यांच्या सत्कारावर होता. नारळ, शाल आणि सरपंचांचा हात स्वच्छ दिसत होता.

बोनस दिला नाही. सात नंबरचा संघ एका गुणाने हरला.

सामने संपले तेव्हा शेवटची एसटी कधीच गेली होती. आयोजक जेवणाच्या पातेल्यांत गुंतलेले. मी नाक्यावर उभा, तर एक मोटरसायकल थांबली. सात नंबर. “बस.”

बसलो. प्रत्येक गतिरोधकाला तो मान वळवून एक नवीन मुद्दा मांडत होता. चोंढीच्या अलीकडे त्याने गाडीच उभी केली, दिवा चालू ठेवला, खाली उतरून चपलेने धुळीत आडवी रेघ ओढली आणि पाय टाकून दाखवला. “आता सांग.”

मी वाकून बघितलं. म्हटलं, “दादा, मागचा पाय खालीच आहे.”

त्याने खाली पाहिलं. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, “थांब, परत येतो,” म्हणाला आणि दम घ्यायला अंधारात मागे गेला.