हॅरिएट टबमन असं कधी म्हणाल्याच नाहीत

"मी हजार गुलाम सोडवले, आपण गुलाम आहोत हे त्यांना कळलं असतं, तर आणखी हजार सोडवले असते." हॅरिएट टबमन म्हणजे अमेरिकेत स्वतः गुलामीतून पळालेल्या आणि मग इतरांना सोडवणाऱ्या कृष्णवर्णीय बाई. त्यांच्या फोटोखाली हे वाक्य फिरत असतं. सोबत बहुतेकदा ही ओळही असते: अक्षरओळख नसलेली बाई, ध्रुवतारा आणि देवावरचा विश्वास एवढ्यावर निभावून गेली.

ते वाक्य त्यांचं असल्याचा कसलाही पुरावा नाही. हजाराचा आकडाही खोटा. १८५० ते १८६० या काळात सुमारे १३ फेऱ्यांत त्यांनी मेरीलँड या गुलामगिरी असलेल्या राज्यातून ७० च्या आसपास माणसं उत्तरेकडे बाहेर काढली.

गुलामांना गुलामी कळत नव्हती, हा तर त्यांचा अपमान आहे. टबमन यांची बहीण रेचेल मुलांना मागे ठेवून निघायला तयार नव्हती, आणि मुलं तिच्यापासून लांब ठेवलेली होती. १८६० च्या अखेरीस टबमन तिला न्यायला पोचल्या, तोवर ती वारली होती. मुलांना सोडवायला लाच म्हणून ३० डॉलर हवे होते. तेवढे जवळ नव्हते. रेचेलला काय कळायचं राहिलं होतं?

राहिला उत्तरेची वाट दाखवणारा ध्रुवतारा. त्यांची श्रद्धा खरीच होती, पण आभाळ भरलं की तारा दिसत नाही. लहानपणी, अंगात गोवर असताना, त्यांना थंडगार दलदलीत उतरवून मस्करॅट या पाणउंदरासारख्या प्राण्याचे सापळे तपासायला लावत. पुढे वडिलांबरोबर लाकूडतोडीचं काम केलं, त्यात रान पायाखालचं झालं. फेऱ्या बहुतेक हिवाळ्यात, कारण रात्री मोठ्या. निघायचं शनिवारी, म्हणजे फरारीची जाहिरात सोमवारच्या आत छापून येत नसे. तान्ही मुलं रडू नयेत म्हणून त्यांना अफूचं औषध पाजत. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात हगवणीने सैनिक मरत होते, तेव्हा त्यांनीच मुळ्या उकळून काढा दिला. हे सगळं ज्ञान आहे, आणि ते कमावलेलं आहे.

२ जून १८६३ ला साउथ कॅरोलिनातल्या कोंबाही नदीत युनियन सैन्याच्या, म्हणजे गुलामगिरीवाल्या दक्षिणेशी लढणाऱ्या उत्तरेच्या फौजेच्या, बोटी शिरल्या. पाण्यात सुरुंग कुठे पेरलेत, ही माहिती टबमन आणि त्यांच्या कृष्णवर्णीय हेरांनी आधीच काढली होती. बोटी दिसताच भातखाचरांतून माणसं धावत सुटली. कुणाच्या पाठीवर पोर, कुणाच्या डोक्यावर चुलीवरून नुकतंच उतरवलेलं वाफाळतं भाताचं भांडं. त्या दिवशी ७०० हून अधिक जण सुटले.