पेन्सिलीच्या तीन रेघा

आज सकाळी खाली उतरले तेव्हा पार्किंगमधल्या कॉलमवर रंगारी पुट्टी फिरवत होता. गेल्या वर्षी त्या कॉलमला उभा तडा गेला. तड्याचे टोक जिथे असेल तिथे मी दर चार महिन्यांनी पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहीत असे, आणि पहिल्या रेघेपासून तिसरीपर्यंत तडा चार बोटे वर सरकला होता. आज त्या तिन्ही रेघा पुट्टीखाली गेल्या. रंगाऱ्याला मी काही बोलले नाही; त्याला सांगितले तेच तो करत होता. पण सांगितले कोणी? सोसायटीची कमिटी म्हणते कंत्राटदाराने, कंत्राटदार म्हणतो कमिटीने.

माझा संताप नेमका याचाच आहे. इमारत सुरक्षेचा कायदा म्हणजे केवळ दाखल्यांची फाईल नव्हे. पाया खणल्यापासून इमारत उभी असेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर उत्तर देणाऱ्या माणसाचे नाव ज्यात लिहिलेले असेल, असा कायदा मला हवा आहे.

लंडनमधील २४ मजली ग्रेनफेल टॉवर १४ जून २०१७ रोजी पेटला आणि ७२ माणसे गेली. बाहेरून बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या आवरणात ज्वलनशील प्लास्टिक होते. इमारत सुरक्षित नाही, असे तिथले काही रहिवासी आधीपासून लिहीत होते आणि त्यांचे कोणी मनावर घेतले नाही, हे वाचताना मला दर वेळी माझ्या रेघा आठवतात. त्यानंतर इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने किमान १८ मीटर उंच किंवा किमान ७ मजली निवासी इमारतींसाठी नियामकाच्या मंजुरीशिवाय बांधकाम सुरू करता येत नाही, आणि ते पुरे झाल्यावर पुन्हा मंजुरी मिळेपर्यंत कोणाला राहायला जाता येत नाही. इमारतीची सगळी माहिती डिजिटल स्वरूपात जपावी लागते आणि रहिवाशांच्या तक्रारी ऐकण्याची व्यवस्था ठेवावीच लागते.

आमच्याकडे त्या कॉलममध्ये सळया किती आहेत, हे सांगणारा एक कागद नाही! सळया-काँक्रीटचा आराखडा, म्हणजे आरसीसी ड्रॉइंग, कोणाकडे आहे, हे मी दोन सभांत विचारले आणि दोन्ही वेळा विषय पाण्याच्या टाकीवर गेला.

घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केलेल्या आपल्या २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत दाखवून दिलेला बांधकामातला दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तरतूद चांगली आहे, पण आमचा तडा सातव्या वर्षी दिसला. इंग्लंडच्या कायद्याने सदोष घराबद्दल दावा करण्याची मुदत नव्या घरांसाठी १५ वर्षे केली आणि आधी बांधलेल्यांसाठी ३०. काँक्रीटचे दुखणे पाच वर्षांत उघड होतेच असे नाही.

कडक मंजुऱ्यांनी कामे रखडतात आणि खर्च वाढतो, इंग्लंडमध्येही हे झाले, मान्य आहे.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. कमिटीतली माणसे वाईट नाहीत. नोकरी सांभाळून, एक पैसा न घेता ती हे काम करतात, आणि तडा मान्य केला तर घराची किंमत पडेल या भीतीने तो झाकतात. तपासणी कोणी आणि केव्हा करायची हे कायद्यानेच ठरवले असते, तर हे ओझे त्यांच्या डोक्यावर आलेच नसते.

संध्याकाळी मी पुन्हा खाली जाऊन आले. पुट्टी अजून ओली आहे आणि कॉलमशेजारी मुले नेहमीसारखी खेळत आहेत. उद्या कमिटीला पत्र देणार आहे, तिन्ही रेघांचे तारखांसकट फोटो जोडून. स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय त्या कॉलमला हात लावू नये, एवढेच त्यात मागितले आहे. पत्राची पोच मात्र सही-शिक्क्यानिशी घेणार आहे.